माठाचं तेवढं सोडून

अकोल्याच्या एमआयडीसीत केशवराव उमाळ्यांच्या वर्कशॉपचं शटर रोज सकाळी दहाला खाली यायचं, आणि तेही गिऱ्हाईक दारात उभं असताना. नव्या माणसाला वाटायचं, आत कोणी गेलं की काय. जुनी माणसं मात्र शटर खाली येताना दिसलं की टपरीवर चहा सांगायची. शटर खाली म्हणजे केशवराव मसाला कालवतात.

मसाला खायचा नव्हे. दालमिलमध्ये तुरीचं टरफल काढायला एक खरबरीत रोलर असतो. लोखंडी नळकांडं, त्यावर एमरीच्या खड्यांचा जाड थर. तूर त्यावर घासत गेली की टरफल सुटतं. थर चांगला असेल तर डाळ अखंड निघते, नसेल तर चुरी निघते, आणि चुरी निघाली की मिलचा मालक घरी जाऊन जेवणाला नावं ठेवतो. थर झिजला की रोलर टेम्पोत टाकायचा आणि केशवरावांकडे आणायचा, ही वऱ्हाडातली रीत होती. थर चढवणारे दुसरेही होते, पण त्यांचा थर महिन्याभरात पोपडे धरायचा. केशवरावांचा नव्वद दिवस हलत नसे.

खडे किती, ते धरून ठेवणारी पावडर किती, तिच्यात ओतायचं क्लोराइडचं पाणी किती दाट, हे एकट्या केशवरावांना ठाऊक. मोतीराम त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं होता. तोही दहाला मुकाट्यानं बाहेर जाऊन उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी तो बार्शीटाकळीला आपल्या शेतावर परत गेला, तेव्हा रोलरबद्दल त्याला सगळं येत होतं, फक्त रोलर कशाचा बनतो एवढं सोडून. पार्वताबाईंनाही केशवरावांनी सदतीस वर्षांच्या संसारात ते सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि केशवरावांच्या मनात आलं की तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे अर्थात आता म्हणायला सोपं होतं.

आणखी एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मसाला कालवायला दहा मिनिटं लागत. शटर मात्र चाळीस मिनिटं खाली असे.

उरलेली तीस मिनिटं केशवराव शटरला लागून एका पालथ्या डब्यावर बसत आणि बाहेरचं बोलणं ऐकत. बाहेर उभे असलेले सगळे एकमेकांचे वैरी. एकाची डाळ उठली की दुसऱ्याची पडून राहायची. पण रोलर येईपर्यंत करायला काही नसे, आणि रिकाम्या माणसाच्या तोंडून काय वाट्टेल ते निघतं. तुरीला तेल केव्हा लावायचं, किती वाळवायची, कोणत्या पट्ट्यानं मोटर कमी तापते, सगळं चहाबरोबर एकाकडून दुसऱ्याकडे जायचं. कोणाच्या घरी सोयरीक जमली, कोणाचा भाऊ वेगळा निघाला, हेही जायचं. या तीस मिनिटांत केशवराव कधी खोकले नाहीत. शटर वर गेलं की बोलणं थांबायचं, आणि दहाजण एका सुरात म्हणायचे, "झालं का, भाऊ?"

"झालं," केशवराव म्हणायचे. दिवसभरातला त्यांचा संवाद बहुधा एवढाच.

हे असंच चाललं असतं, पण जिल्ह्याचा विकास करायचं सरकारच्या मनात आलं. त्यासाठी पुण्याहून कुलदीप नावाचा एक सल्लागार आला. पाठीवर लॅपटॉप, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि वर्कशॉपमध्ये सगळीकडे एमरीची काळी धूळ. तो दारातच उभा राहिला आणि तिथूनच त्यानं लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती.

"काका, एका कंपनीतलं ज्ञान दुसऱ्या कंपनीत गेलं, की दोन्हींची उत्पादकता वाढते. मग तालुक्याची वाढते, मग जिल्ह्याची."

"अन् जिच्यातून गेलं तिचं काय होते?"

कुलदीपनं आलेखात पाहिलं. तिथं ते दिलेलं नव्हतं. "तीही वाढते, काका. तिला बदल्यात ज्ञान मिळतं."

"कोनाकडून?"

"इकोसिस्टीमकडून," कुलदीप म्हणाला.

या नावाचं गिऱ्हाईक केशवरावांकडे कधी आलं नव्हतं. शेजारी डोमाजी उभा होता. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, स्वतःच्या दोन दालमिली, आणि केशवरावांशी शटर उघडं असतानाही दोन वाक्यं बोलणारा एकमेव माणूस.

"सांगून टाका न, राजेहो," डोमाजी म्हणाला. "सत्तरीले टेकले तुमी. संग घेऊन जाता का खडे-पावडर? वर का दालमिल हाय?"

"अन् सांगतलं तं तू येशीन का मंग माह्याकडे?"

"मी तं येईनच. मले घरी कोन चहा देते?"

कुलदीपनं सांगितलं की अमरावतीला कार्यक्रम आहे, चाळीस दालमिलवाले येतील, शाल-श्रीफळ आहे आणि केशवरावांना बोलायला पाऊण तास. केशवराव बाकीचं विसरले. चाळीस माणसं पाऊण तास आपल्याकडे तोंड करून बसणार, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. आजवर माणसं त्यांच्याकडे पाठ करून, शटरबाहेर बोलत आली होती.

त्या आठवड्यात केशवरावांनी पुष्कळ विचार केला. सांगितलं तर माणसं ऐकतील, पण नंतर येणार नाहीत. नाही सांगितलं तर येतील, पण ऐकणार नाहीत. शेवटी त्यांनी यातून एक वाट काढली. सगळं सांगायचं, माठाचं तेवढं सोडून.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक काळा माठ होता. लोकांना वाटायचं, पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि तीस वर्षांत केशवरावांनी त्यातून कोणाला घोटभर पाणी दिलं नाही म्हणून ते कंजूष ठरले होते. त्या माठात क्लोराइडचं पाणी रात्रभर निवळत ठेवलेलं असायचं. सकाळी वरचं निवळ तेवढं घ्यायचं, खालचा गाळ फेकून द्यायचा. हे केलं नाही तरी थर छान बसतो, दिसतोही देखणा, आणि बरोबर पंधराव्या दिवशी त्याला तडा जातो. म्हणजे सोळाव्या दिवशी फोन येणार. "काका, तडा गेला." आपण म्हणायचं, "या, पाहू." मग ते येतील. मग आपण पाहू. सांगितल्याचं पुण्य पदरात आणि माणसंही दारात. कुठेच खोट दिसेना.

फेब्रुवारीच्या शेवटी अमरावतीला कार्यक्रम झाला. कुलदीपच्या रेघेनंतर केशवराव बोलायला उभे राहिले. पहिली पाच मिनिटं त्यांचा आवाज निघेना, कारण एका दमात एवढं बोलायची सवय नव्हती. मग निघाला. खड्यांचं प्रमाण सांगितलं, पावडर सांगितली, नळकांडं कसं घासायचं ते सांगितलं. चाळीस माणसं खाली मान घालून लिहून घेत होती. केशवरावांना इतकं बरं वाटलं की एका क्षणी माठ त्यांच्या अगदी ओठावर आला. त्यांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

पुढच्या रांगेत साधना नावाची एक बाई होती. चाळिशीची, अमरावतीच्या एमआयडीसीत स्वतःची मिल चालवणारी. तिनं हात वर केला. "काका, पानी तयार झालं का लगेच घ्यायचं, का ठेवायचं काही वेळ?"

सभागृहात एवढा एकच प्रश्न आला, आणि तो नेमका तिथंच आला.

"विरघळलं का झालं," केशवराव म्हणाले. "ठेवायचं कायले?"

साधनानं त्यांच्याकडे जरा पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मग शाल आली, श्रीफळ आलं, फोटो निघाला.

मार्चच्या मध्याला पंधरावा दिवस उजाडला. सोळाव्या दिवशी केशवरावांनी फोन चार्ज करून टेबलावर ठेवला. त्या दिवशी एका बँकेचा फोन आला, त्यांना कर्ज द्यायचं होतं. सतराव्या दिवशी फोन बिघडला असेल म्हणून त्यांनी तो दुकानात नेऊन दाखवला. दुकानदारानं तिथूनच रिंग देऊन पाहिली. फोन उत्तम वाजला. विसाव्या दिवशी कोणीच फोन केला नाही.

एप्रिलमध्ये रोज दहाला शटर खाली येत होतं, पण बाहेर कधी दोन माणसं, कधी एक. एकट्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तो मोबाइल पाहत उभा राहतो. महिन्याच्या शेवटी बाहेर कोणीच नव्हतं. तरी केशवरावांनी शटर ओढलं, दहा मिनिटं कालवलं आणि तीस मिनिटं डब्यावर बसले. टपरीवाल्यानं पलीकडच्या कोणाला तरी विचारलं, "उमाळेभाऊ आहेत का नाई आत?" पलीकडचा म्हणाला, "काय मालूम."

डोमाजी येतो म्हणाला होता, तोही आला नाही. मे महिन्यात तो वजनकाट्यापाशी भेटला, तोंडाला उपरणं गुंडाळलेला. केशवरावांनी त्याला चालण्यावरून ओळखलं.

"काहून रे, चहा मिळून राहिला का घरी?"

डोमाजी ओशाळला. "तसं नाई, भाऊ. रोलर आता मिलमंदीच करून घेतो. गडी शिकले. मंग टेम्पो कायले करा?"

"किती दिवस टिकते?"

"पयला गेला पंधरा दिवसांत," डोमाजी म्हणाला, आणि जीभ चावल्यासारखं करून थांबला. "आताचा लावला त्याले दोन महिने होत आले, चौथा महिनाही काढन बहुतेक. अजून तं काहीच नाई झालं त्याले."

चौथा महिना. केशवरावांचा स्वतःचा थर नव्वद दिवसांच्या पुढे कधी गेला नव्हता. आपण सांगितलं नाही ते या लोकांनी कुठून आणलं, हे त्यांना विचारायचं होतं. पण ते विचारायचं म्हणजे आपण ते सांगितलं नव्हतं हे आधी सांगायला हवं होतं. डोमाजीनं टेम्पोवाल्याला हाक मारली आणि तो निघून गेला.

दोन दिवसांनी फोन वाजला. कुलदीप होता.

"काका, अभिनंदन! चुरीचं प्रमाण कमी झालंय. तुमची यशोगाथा आम्ही अहवालात घेतोय. एकच प्रश्न आहे. ज्ञान वाटून तुम्हाला कसं वाटलं? एक ते पाचमध्ये सांगा."

"एक म्हंजे काय?"

"अजिबात नाही."

"काय अजिबात नाई?"

"मी चार टाकतो, काका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केशवराव सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून साधनाच्या मिलवर गेले. काय विचारायचं ते गाडीत चारदा ठरवलं होतं. सहज इकडे आलो होतो, असं सुरू करायचं. सत्तरीचा माणूस मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, अकोल्याहून अमरावतीच्या एमआयडीसीत सहज येत नाही, हे त्यांना ऑटोतून उतरताना सुचलं.

"या, काका," साधना म्हणाली. तिनं आधी पाणी दिलं. मग खुर्ची दिली. मिलची सगळी दारं-खिडक्या उघडी होती. मधोमध दोन बाया एका टोपल्यात मसाला कालवत होत्या आणि कालवता कालवता कोणाच्या तरी सासूबद्दल बोलत होत्या. भिंतीशी चार रोलर ठेवले होते, आणि चारही जुन्या वाकळांमध्ये गुंडाळलेले. नुसते गुंडाळलेले नव्हे, तर कडा खोचून, वरून सुतळी बांधून, बाळंतघरातल्या पोरांसारखे.

केशवराव बघतच राहिले. "हे काय आहे?"

"मसाला चढवला का आतून तापते न तो. बाहेरून लवकर थंडा होते, आतून नाई होत, म्हून तडा जाते. वाकळीत ठेवला का सावकाश थंडा होते सगळा." ती टोपल्यापाशी बसलेल्या एकीकडे बोट करून म्हणाली, "हे आशाबाईचं डोकं. तिनं चांदूर रेल्वेच्या एका मिलवाल्याले सांगतलं, त्यानं परतवाड्याले."

पन्नास वर्षांत केशवरावांनी थर थंड होताना कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. थर चढला की त्यांचं काम संपायचं आणि शटर उघडायचं. त्यांनी एका वाकळीची कड चाचपून पाहिली. मग म्हणाले, "पंधराव्या दिवशी गेला असन न तडा?"

"गेला न. सगळ्यायचाच गेला. एका दिवसात चौदा फोन आले मले."

"मंग मले काहून नाई केला?"

साधनानं पदरानं गळ्याचा घाम पुसला. "करनार होतो आमी, काका. डोमाजीकाका म्हणाले, नोका करू. म्हणाले, त्यायनं एखादी गोष्ट ठेवली असन मांगं, कारागीर माणूस ठेवतेच. आता इचारलं तं त्यायले मान खाली घालाव लागन. या वयात कायले?"

"म्हून कोनीच फोन नाई केला."

"हाव. आमी म्हटलं, आपलं आपन पाहू."

सगळे त्यांचा मान राखत होते. अडीच महिने चाळीस माणसं मिळून त्यांचा मान राखत होती, आणि केशवराव फोन दुकानात नेऊन तपासत होते.

"मी वाट पाहून राहिलो होतो," केशवराव म्हणाले.

टोपल्यापाशी सासूचं बोलणं थांबलं होतं. केशवरावांनी मग माठाचं सांगितलं. रात्रभर ठेवायचं, वरचं निवळ घ्यायचं, गाळ टाकून द्यायचा. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तीस वर्षं जपलेली गोष्ट एवढीशी निघाली याचं त्यांना जरा वाईट वाटलं. त्यांनी उगाच आणखी एकदा सांगितली.

"मंग माठ अन् वाकळ दोन्ही करून पाहतो," साधना म्हणाली आणि मोबाइल काढला. "टाकू का ग्रुपवर? तुमच्या नावानं टाकते."

"कोनता ग्रुप?"

तिनं मोबाइल जरा खाली केला. "दालमिलवाल्यायचा, काका. कार्यक्रम झाला त्याच दिवशी केला होता कोनीतरी." मग घाईनं म्हणाली, "तुमाले घेतो न आता."

गाडीत बसेपर्यंत फोन टुणटुणायला लागला होता. त्र्याहत्तर माणसं होती ग्रुपवर. अकरा जणांनी फुलं पाठवली, तिघांनी हात जोडले, डोमाजीनं "वेलकम भाऊ" लिहिलं. मूर्तिजापूर यायच्या आत फुलं संपली आणि बोलणं मूळ वाटेवर आलं. कोणाच्या मोटरचा आवाज, कोणाचा पट्टा, कोणाच्या पोरीचा बारावीचा निकाल. केशवराव वाचत गेले. मग चांदूर रेल्वेच्या सागर नावाच्या कोणा मिलवाल्यानं विचारलं, "उन्हानं मसाला रोलरवर चढवायच्या आधीच घट्ट होऊन राहिला. काय करावं?"

हे केशवरावांना येत होतं. त्यांनी एका बोटानं लिहायला घेतलं. टोपलं सावलीत, पाणी थोडं थोडं, आणि मसाला हात सोडेपर्यंत कालवायचं. सवयीनं हे हाताचं शेवटचं वाक्य त्यांनी आधी लिहिलंच नव्हतं. लक्षात आलं तेव्हा अकोला दिसायला लागलं होतं. त्यांनी ते लिहिलं आणि पाठवलं.

सागरचं उत्तर आलं. "काका, हात सोडेपर्यंत म्हंजे किती मिनिटं?"

केशवरावांना माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं, "हाताले समजते."

"मिनिटं सांगा न, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिनिटं मोजायला बसले. पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं तर हात चुकला, मसाला आधीच आवळला. दुसऱ्यांदा हाताकडे लक्ष दिलं तर घड्याळ कधी सुरू केलं ते विसरले. तिसऱ्यांदा फोन समोर उभा करून ठेवला. तो मध्येच काळा झाला, आणि मसाल्यानं भरलेल्या बोटांनी तो पुन्हा उजळेना. तीन टोपली वाया गेली. एका माणसानं कालवायचं आणि दुसऱ्यानं घड्याळ पाहायचं, तरच हे काम होण्यासारखं होतं. पन्नास वर्षांत मसाला कालवताना दुसरा माणूस लागेल असं काम केशवरावांनी कधी काढलंच नव्हतं.

त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि लिहिलं, "एकट्यानं मोजता येत नाई. घड्याळ पाहायले एक माणूस लागते. कोनी येऊन पाहता का?"

वाचलं. शेवटचा प्रश्न पुसला. पुन्हा लिहिला. पाठवला.

पाठोपाठ कोणीतरी बेअरिंगच्या नव्या भावांची लांबलचक यादी टाकली, त्यावर सहा जण बोलले, आणि केशवरावांचा निरोप वर सरकत सरकत दिसेनासा झाला. त्यांनी बोटानं ओढून तो परत खाली आणला. निळ्या खुणा आल्या होत्या. म्हणजे वाचला होता लोकांनी.

चांदूर रेल्वेहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत अकोल्याला येऊ शकतो. केशवरावांनी चौथ्या टोपल्यात खडे घेतले, पावडर घेतली, कोरडंच सारखं केलं. निवळ पाण्याचा डबा शेजारी भरून ठेवला. पाणी एकदा ओतलं की मग थांबता येत नाही, म्हणून ते ओतायचं तेवढं त्यांनी ठेवलं, आणि दाराकडे तोंड करून बसले.